शेजारच्या पोराची नोकरी गेलीय. आम्हा म्हाताऱ्यांकडून काय होण्यासारखं आहे?

घंटाळीकर

नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आज एक विचारायचंय.

आमच्या समोरच्या ब्लॉकमधला मुलगा, वय तेहतीस-चौतीस, ऐरोलीला एका आयटी कंपनीत होता. एका दुपारी एचआरने बोलावलं, संध्याकाळी लॅपटॉप जमा. घोडबंदर रोडला फ्लॅट बुक केलाय. ताबा अजून मिळायचाय, पण हप्ता सुरू झालाय. बायकोला सातवा महिना. त्याचे वडील आणि मी एकाच साली या इमारतीत राहायला आलो, त्यामुळे पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं.

बातमी सोसायटीत पसरायला लिफ्टच्या दोन फेऱ्या पुरल्या. मग आमच्या पिढीची मंडळी कामाला लागली. एकांनी एमपीएससी सुचवली (चौतिसाव्या वर्षी!), दुसऱ्यांनी पोळीभाजी केंद्र, तिसऱ्यांनी पत्रिका मागवून घेतली. पोरगा आता चौथ्या मजल्यावरून जिन्याने ये-जा करतो, लिफ्टमध्ये कोणी भेटू नये म्हणून.

मी बँकेतून निवृत्त, वय एकाहत्तर. नोकरी लावून देण्याइतक्या ओळखी आता उरलेल्या नाहीत. पेन्शनीत आमचं दोघांचं भागतं, वर फार काही राहत नाही. सल्ला द्यायची इच्छा नाही. पण इतके पावसाळे पाहिले त्याचा कोणाला तरी उपयोग व्हावा असं वाटतं. तर तुमच्या पडत्या काळात कोणा म्हाताऱ्या माणसाने तुमच्यासाठी प्रत्यक्ष काय केलं, ते लिहाल का? सुविचार नकोत, ते रोज सकाळी सहाला गुलाबाच्या फोटोसकट येतात.

चहाबाज

मी पयला!

काका, पत्रिकावाले आजोबा आमच्याकडेही आहेत. मला बारावीत मार्क कमी पडले तेव्हा वडिलांना म्हणाले, "साडेसाती आहे, पोराचा काही दोष नाही." त्या दिवशीचा मार वाचला. त्यामुळे पत्रिकावाल्यांना अगदीच मोडीत काढू नका.

अबोली_ऐरोली

काका, तुमच्या समोरच्या मुलाच्या जागी मी दोन वर्षांपूर्वी होते, तेव्हा अनुभवाने लिहिते.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो "होईल गं सगळं नीट" याचा. म्हणणारा मोकळा होतो, आपण तिथेच. त्याच्या खालोखाल "आमच्या वेळी तर..." आणि मग दर भेटीत "काही जमलं का?" अहो, जमलं असतं तर पेढेच घेऊन आले असते ना!

उपयोग झाला तो तळमजल्यावरच्या आजींचा. त्या सीकेपी, बिरड्याच्या भक्त. एक दिवस मोड आलेले कडवे वाल पातेल्यात घेऊन थेट वर आल्या. म्हणाल्या, "मला हल्ली बोटांनी होत नाही, सोलून देतेस?" वाल सोलणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. कोमट पाण्यात टाकायचे, एकेक दाणा दोन बोटांत धरून दाबायचा, की साल मागे राहते आणि डाळिंबी सटकन पुढे निसटते, कधी पातेल्यात, कधी सोफ्याखाली. अर्ध्या किलोला तास कुठेच गेला नाही. त्या तासात त्यांनी नोकरीचं नावही काढलं नाही. भाजीवाल्याचा लबाडपणा, नातवाचा पडलेला दात, सून बिरड्यात खोबरं कमी घालते, हेच.

मग दर मंगळवारी वाल. मला निदान मंगळवार कळायला लागला, बाकी सगळे वार सारखेच झाले होते. पुढे कधीतरी त्यांच्याकडे गेले तर त्याच "न होणाऱ्या" बोटांनी त्या वाती वळत बसल्या होत्या, भराभर. मी काही बोलले नाही, त्याही नाही.

स्पष्टवक्ता

वालाची गोष्ट छान आहे, पण मला हा धागा जरा एकतर्फी वाटतोय. आशा वाटत फिरायचं कंत्राट म्हाताऱ्यांना कोणी दिलं? माझे वडील शहात्तर वर्षांचे. घरात काही बिनसलं की सगळ्यात आधी त्यांचं ब्लडप्रेशर वाढतं. मग ज्याच्यावर संकट आलंय त्यानेच त्यांना धीर देत बसायचं. माझ्या भावाच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही दोन पेशंट सांभाळत होतो, एक हॉस्पिटलात, एक घरी.

आणि "आम्हीही दिवस काढले" हेही थोडं तपासून घ्या. तुमच्या नोकऱ्या पक्क्या होत्या. सिडकोचं घर लॉटरीत लागलं की डोक्यावरचं छप्पर मिटलं. वीस-वीस वर्षांचे हप्ते मानेवर घेऊन तुम्ही कामाला जात नव्हतात. ज्येष्ठांनी खरी मदत करायची तर गप्प बसावं आणि जमलं तर लाइट बिल भरावं, एवढंच माझं म्हणणं आहे. राग मानू नका.

घंटाळीकर

राग कसला? लाइट बिलाचा मुद्दा टिपून ठेवला.

जुना_गिरणगावकर

मोबाइलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पक्क्या नोकऱ्या म्हणता? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप आजतागायत रीतसर कोणी मागे घेतलेला नाही. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, बदली कामगार, म्हणजे कोणी गैरहजर असलं तरच काम. लालबागला एका खोलीत आम्ही पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. पगार बंद. पक्की नोकरी काय असते ते मला कळवा-खारीगावला येऊन वॉचमनची पट्टी लागल्यावर कळलं.

आता काकांनी विचारलंय त्याबद्दल. आम्ही ज्या मावशीकडे जेवायचो ती तेव्हा साठीच्या पुढची असेल. खानावळवाल्या बायका तशा आधीपासून एकत्र आलेल्या होत्या, प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, त्यामुळे सावकाराकडे न जाता बँकेचं कर्ज त्यांना माहीत होतं. पण संपात गिऱ्हाइकाकडेच पैसा नाही म्हटल्यावर बँक काय करणार? तरी मावशीने जेवण बंद केलं नाही. पहिल्यांदा मच्छी गेली, मग भाजी गेली, शेवटी आमटी-भात राहिला. ती तोंडावर सांगायची, "आजपासून भाजी नाही. परवडत नाही. खायचं तर खा." खोटा दिलासा कधी नाही.

आणि फुकट जेवू दिलं नाही. हे महत्त्वाचं. वहीत उधारी लिहायचीच, पण वर काम लावायची. मी पहाटे चाळीच्या नळावर नंबर लावून तिचे हंडे भरायचो. दुसरा रेशनच्या रांगेत. तिसऱ्याला अक्षर बरं म्हणून हिशेबाची वही दिली. गावाकडे निघून गेलेल्यांची उधारी बुडाली, माझी मी फेडली, सहा वर्षांनी. तिने वही काढून पान शोधलं, बरोबर रक्कम सांगितली, एक रुपया सोडला नाही. मला फार बरं वाटलं होतं.

चहाबाज

गिरणगावकर काका, दंडवत. एक रुपया सोडला नाही हे वाचून मीच उठून चहा टाकला.

अबोली_ऐरोली

"परवडत नाही, खायचं तर खा." ही भाषा मला "होईल सगळं नीट"पेक्षा हजार पटीने मानवली असती.

स्पष्टवक्ता

गिरणगावकर, पक्क्या नोकरीचं माझं वाक्य मागे. बाकीचं नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे. २०२० ला बाळकुमच्या कोविड हॉस्पिटलात होते. पीपीई किटमुळे पेशंटला आमचे फक्त डोळे दिसायचे, आम्हाला त्यांचा मॉनिटर. नातेवाईक आत नाहीत. वॉर्डात कोण कोणाचं, काही कळायचं नाही.

एक निवृत्त शिक्षिका ॲडमिट होत्या. ऑक्सिजनवर, पण बोलता येत होतं. त्यांनी तिसऱ्या-चौथ्या दिवशी हजेरी सुरू केली. सकाळी नाश्त्याच्या आधी त्यांच्या रांगेतले बेड नंबर त्या मोठ्याने घ्यायच्या, ज्याने त्याने "हजर" म्हणायचं. ज्याला दम लागायचा तो हात वर करायचा. रिक्षावाला, बिल्डर, कॉलेजचा पोरगा, सगळे. डॉक्टरांनी पालथं झोपायला सांगितलेलं असायचं, ते कोणालाच आवडत नाही, मान अवघडते. त्या हजेरीतच विचारायच्या, "काल किती वेळ पालथे होतात?" आणि लोक खरं सांगायचे.

एक दिवस एका नंबरला उत्तर आलं नाही. रात्रीच आयसीयूत हलवलं होतं. वॉर्ड गप्प झाला. बाई म्हणाल्या, "आयसीयूत आहे. आज त्याची गैरहजेरी लावते, नाव कमी करत नाही." आणि पुढचा नंबर घेतला. तो माणूस वाचला की नाही हे मी इथे लिहीत नाही, कारण बाईंना तेव्हा ते माहीत नव्हतं आणि तरी त्यांनी पुढचा नंबर घेतला.

स्पष्टवक्ता, तुमच्या वडिलांचं बीपी वाढतं ते खरं आहे. आम्हीही बघतो. पण काहीच काम हाती नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं ते जास्त वाढतं, हे माझं निरीक्षण.

स्पष्टवक्ता

विचार करतो यावर.

ऐकणारी_सानपाडा

मी समुपदेशक आहे, म्हणून थोडं कामाचं लिहिते.

अबोलीच्या आजी करत होत्या तसंच काहीसं पद्धतशीरपणे करून पाहिलं गेलंय, झिंबाब्वेत. डॉ. डिक्सन चिबांडा तिथले मनोविकारतज्ज्ञ. देशात त्यांच्यासारखे तज्ज्ञ अगदी मोजके. म्हणून २००६ च्या सुमारास त्यांनी हरारेच्या एका गरीब वस्तीतल्या चौदा आज्यांना शिकवलं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी आणि शेजारी अडचणीत असलेलं माणूस. आजी ऐकून घेते. मग दोघं मिळून अडचणींची यादी करतात आणि त्यातली एकच, आवाक्यातली, निवडतात. त्यावर या आठवड्यात काय करता येईल ते त्या माणसानेच सांगायचं. पुढच्या भेटीत आजी विचारते, केलंस का? अशा साधारण सहा भेटी. २०१६ ला 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. ५७३ पेशंट होते. सहा महिन्यांनी पाहिलं तर नेहमीच्या उपचारांवरच्या लोकांपेक्षा बाकावर बसलेल्यांची नैराश्याची लक्षणं कितीतरी कमी होती.

लक्षात घ्या, आजी उपाय सांगत नाही. ते फार अवघड असतं, आपल्याकडे तर फारच.

पण एक सांगितलंच पाहिजे. माया सगळ्याला पुरत नाही. दोन आठवड्यांच्या वर झोप उडालेली असेल, जेवण तुटलं असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर डॉक्टर गाठा. "मी नसलो तर सगळे सुटतील" असं काही बोलणं आलं, कोणी आपल्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर थांबू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो ही भीती निराधार आहे. उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका. टेली-मानस म्हणजे १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ठाण्यात तर आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, घंटाळीकर काकांना ठाऊक असेलच. आणि ज्येष्ठांना स्वतःसाठी काही विचारायचं असेल तर एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ.

चहाबाज

बाकांची आपल्याकडे काही कमी नाही. तलावपाळीला संध्याकाळी सातनंतर एक मोकळा बाक दाखवा आणि बक्षीस मिळवा. आज्या, आजोबाही आहेत. फक्त समोरच्याचं ऐकून घेणारे वेगळे काढायला छाननी समिती लागेल.

ऐकणारी_सानपाडा

छाननी समितीत तुम्हाला घेणार नाही, तुम्ही सगळ्यांना चहा पाजून पास कराल.

पोखरण_दोन

वाचनखूण साठवली. पण एक खटकतंय ते लिहू का? आतापर्यंत आलेल्या सगळ्या उदाहरणांत बाई आहे. आजी, मावशी, शिक्षिका, झिंबाब्वेच्याही आज्याच. आजोबा लोक काय करतात? आमच्या सोसायटीचे आजोबा बाकावर बसून महापालिकेला शिव्या देतात आणि पोरं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळली की वॉचमनला बोलावतात. हलके घ्या, पण विचार करा. बायकांनी आयुष्यभर सगळ्यांना जेवू घालायचं आणि सत्तरीत परत सगळ्यांना धीरही द्यायचा?

जुना_गिरणगावकर

मुद्दा बिनतोड.

माणदेशी_कोपरखैरणे

पोखरणताई, एक आजोबा देतो. आमचं गाव माण तालुक्यातलं, वडील मशीद बंदरला माथाडी होते, कांदा-बटाटा मार्केट तुर्भ्याला आलं तसे आम्ही कोपरखैरण्याला आलो.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. तेव्हा मी पाळण्यात. कामावर सुकडी मिळायची, मिलोची लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापता थापता तुटायची. गँगमध्ये एक म्हातारा होता, हात थरथरायचे म्हणून त्याला घण पेलवायचा नाही. मुकादमाने त्याला परत पाठवला नाही, पोरांपाशी बसवला. बाभळीला चार-पाच झोळ्या बांधलेल्या, तो दोरी ओढत बसायचा. आई सांगते, तो गायचा वगैरे नाही. चिडका होता. पण एखादं पोर रडायला लागलं की त्या पोराच्या आईचं नाव घेऊन ओरडायचा, "अमकीचं रडतंय, भुकेलंय," आणि तेवढ्यासाठी ती बाई घण खाली ठेवून येऊ शकायची. मुकादम त्याला काही बोलायचा नाही. सगळ्या बायकांना तेवढीच उसंत. चिडक्या म्हाताऱ्याचाही उपयोग होतो म्हणून सांगितलं.

आईचं वय आता पंचाहत्तरच्या पुढे. कोविडमध्ये मार्केट बंद पडलं तेव्हा माझा थोरला खचला होता. आईने हाच म्हातारा सांगितला. आधी कधीच सांगितला नव्हता, कारण आमच्यात खडी फोडल्याचं कोणी बोलत नाही, लाज वाटते. पोराने विचारलं, "आज्जे, मग पाऊस कधी पडला?" ती म्हणाली, "त्या साली नाय पडला. पुढल्या साली." एवढंच.

अबोली_ऐरोली

"त्या साली नाय पडला." बाप रे.

नेरुळची_मावशी

उशिरा वाचतेय. पोखरण_दोन, तुमचा राग पटला. आमच्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात आम्ही तो प्रश्न असा सोडवलाय की स्वयंपाक बायका करतात आणि बाकी सगळं आजोबांच्या गळ्यात घातलंय.

सांगते. खारघरला टाटाचं कॅन्सर केंद्र आहे. बाहेरगावचे पेशंट आसपास खोल्या घेऊन राहतात, बिहारपासून बीडपर्यंतचे. आम्ही आठवड्यातून दोनदा डबे नेतो. डबे म्हणजे मेजवानी नव्हे. केमोने तोंड आलेलं असतं, तिखट सोडा, टोमॅटोसुद्धा झोंबतो. तर तांदळाची पेज, मऊ मुगाची खिचडी गाळल्यासारखी घोटलेली, दुधी, वरून तूप. सगळं त्याच दिवशी केलेलं, गरम गरम, कच्चं काही नाही, कोशिंबीर नाही, कापलेली फळं नाहीत. पेशंटची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. कोणाला काय चालतं ते आधी तिथल्या आहारतज्ज्ञांना विचारून घ्यायचं, आपली पाककला दाखवायला जायचं नाही. पेशंटबरोबर आलेल्या माणसासाठी मात्र वेगळा डबा, त्यात झणझणीत ठेचा. त्या माणसाकडे कोणी बघतच नाही. एका नवऱ्याने ठेचा खाल्ला आणि डोळ्यांतलं पाणी ठेच्यावर ढकलून पाच मिनिटं रडून घेतलं.

आता आजोबा. त्यांची कामं: फॉर्म भरणं, योजनेचे कागद कुठल्या खिडकीवर द्यायचे ते दाखवणं, झेरॉक्स, हिंदीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत. एक रिटायर्ड कारकून आहेत, त्यांना रांगेत उभं राहण्याचं व्यसन आहे. नातेवाईक झोप काढतो, हे रांगेत. आमच्यातला सगळ्यात लोकप्रिय माणूस तोच.

पोखरण_दोन

मावशी, रांगेत उभं राहणारे आजोबा मला दत्तक हवेत.

घंटाळीकर

मंडळी, सगळं सावकाश वाचलं. इकडचं सांगतो.

आमच्या इमारतीचं पुनर्विकासाचं घोंगडं भिजत पडलंय. तीन बिल्डरांच्या ऑफर आहेत आणि तिघांनीही कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरने द्यायचा एकरकमी निधी), भाडं हे असं फिरवून लिहिलंय की तुलनाच होऊ नये. मी त्या मुलाकडे कागद घेऊन गेलो. म्हटलं, आम्हा कमिटीवाल्यांना यातलं काही कळत नाही, एका तक्त्यात मांडून दे. हे खोटं नव्हतं, खरंच कळत नव्हतं. दोन संध्याकाळी आमच्या डायनिंग टेबलवर बसला. एका ऑफरमधली अशी खोच काढली की सेक्रेटरी दोन दिवस गप्प आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत तोच मांडणार आहे. लिफ्टने येतो आता. मात्र नोकरी अजून नाही, दोन मुलाखती होऊन गेल्या.

माणदेशींचं वाचल्यावर मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी घराबाहेर कधी बोललो नव्हतो. १९८७ साली एका कर्जप्रकरणाच्या चौकशीत शाखेतल्या चौघांना निलंबित केलं, त्यात मी. पुढे निर्दोष सुटलो, पण मध्ये वर्ष-सव्वा वर्ष गेलं. मी तेव्हा याच्याच वयाचा. घरात फक्त बायकोला सांगितलं होतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायचो. १८९३ सालची संस्था ती, तिच्या वाचनालयात माझ्यासारखे किती बसून गेले असतील कोण जाणे. डबा आई भरायची. मधूनच म्हणायची, "आज दोन पोळ्या जास्त घातल्यात, बरोबरच्यांना दे." मी म्हणायचो, बरं. कामावर परत रुजू झालो त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर आईने देवापुढे साखर ठेवलेली. तिला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं.

पोरगा ऐकत होता. मग म्हणाला, "काका, तेव्हा तुम्हाला झोप लागायची?" म्हटलं, नाही. "मलाही नाही," म्हणाला. ऐकणारीताईंचा दोन आठवड्यांचा हिशेब माझ्या डोक्यात होता, तसं त्याला सरळ विचारलं. जिवाचं काही नाही म्हणाला, पण डॉक्टरकडे जायला तयार झालाय. सोबत मी जातोय, वेटिंग रूममध्ये बसायला.

ऐकणारी_सानपाडा

काका, वेटिंग रूममध्ये बसणं हे मोठं काम आहे. पुस्तक बरोबर न्या, उशीर होतो.

स्पष्टवक्ता

मनापासून लिहिलंत. पण पैशाचा विषय सगळ्यांनी टाळलाय. हप्ता काही वाल सोलून फिटत नाही. त्याच्या वडिलांनी काय करावं?

घंटाळीकर

हा माझा प्रांत. ते एससीएसएस, म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतली ठेव, मोडायला निघाले होते, थांबवलं. वर्ष झाल्यावर पण दोन वर्षांच्या आत मोडली तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का, आणि पुढचं व्याज बंद होतं ते वेगळंच. त्यापेक्षा बँकेत साधी एफडी असेल तर तिच्यावर कर्ज मिळतं, व्याज एफडीच्या दरापेक्षा थोडंसंच जास्त. त्याहून आधी मुलाने स्वतः गृहकर्जाच्या बँकेत जावं, हप्ता थकायच्या आत, नंतर नव्हे. मुदत वाढवून हप्ता कमी करायचं बोलता येतं. थकल्यावर गेलात की टेबलापलीकडच्या माणसाचा चेहरा बदलतो. मी तो चेहरा पस्तीस वर्षं करत आलोय.

आणि काही झालं तरी स्वतःच्या म्हातारपणाची ठेव पूर्ण रिकामी करू नये. उद्या बाप मुलाच्या दारात उभा राहिला की दोघांचीही पंचाईत.

पोखरण_दोन

याला जोडून: भावनेच्या भरात घर मुलांच्या नावावर करून टाकणारे आईवडील मी कामात रोज बघते. करायचंच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, अट मोडली तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर भांडत बसावं लागतं.

स्पष्टवक्ता

धन्यवाद दोघांनाही. अवांतर: वडिलांना घेऊन नेरुळला येऊ का म्हणतोय. मावशी, रांगेत उभं राहायला नाही जमणार, गुडघे गेलेत. अक्षर मात्र मोत्यासारखं आहे, आयुष्यभर तहसीलमध्ये होते.

नेरुळची_मावशी

तहसीलवाले? आजच आणा! उत्पन्नाच्या दाखल्यापाशी आमची गाडी हमखास अडते. बसायला खुर्ची देऊ, बीपीची गोळी सोबत ठेवा.

आता गुरुवारचं ठरवायचंय. नेहमीची गाडी सर्व्हिसिंगला आहे आणि डबे चाळीसच्या पुढे. खारघरच्या उत्सव चौकापर्यंत कोणी नेऊन देईल का? साडेअकराला निघायला हवं, पेज निवली की कोणी तोंड लावत नाही.

चहाबाज

माझी जुनी ओम्नी आहे, घणसोलीहून येतो. एसी नाही, आवाज भरपूर.

नेरुळची_मावशी

चालेल. मागची सीट काढून या, आणि खाली टाकायला सतरंजी आणा, पातेली सरकतात. सव्वाअकराला केंद्राच्या गेटशी. चहा मिळेल, पण डबे चढवल्यावर.